हुडिनी बुडून मेला नाही

संपादक महोदय,

सांगलीत चाळीस वर्षे मी कुलूप-किल्लीचे काम करतो. परवा नातवाच्या शाळेत स्नेहसंमेलनाला जादूचा खेळ झाला. निवेदक म्हणाले, 'बेड्या-कुलपांतून सुटून दाखवणारा जगप्रसिद्ध जादूगार हुडिनी पाण्याच्या पेटीतून सुटताना बुडून मेला.' मुले हळहळली. मला राहवेना, म्हणून हे पत्र. बुडण्याची ही गोष्ट खोटी आहे. 1953 साली त्याच्यावर निघालेल्या इंग्रजी चित्रपटात त्याचा शेवट त्या पेटीत दाखवला आणि तीच गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली.

माझ्या धंद्यातल्या माणसाला त्याचे मोठेपण दिसते ते 1904च्या लंडनमधल्या खेळात. 'मिरर' वृत्तपत्राने बर्मिंगहॅमच्या एका कारागिराची खास हातकडी त्याच्यापुढे ठेवली. तासभर झटापट चालली. कोट काढायचाय, जरा हातकडी उघडा, असे तो म्हणाला तर नकार मिळाला. मग त्याने दातांनी चाकू उघडून अंगावरचा कोटच कापून टाकला, आणि शेवटी सुटला. अडकलेल्या लिव्हरशी तासभर खटपट केली की माझी बोटे आखडतात, आणि माझे हात तर मोकळे असतात!

आता त्याचा शेवट. ऑक्टोबर 1926 मध्ये माँट्रियलला तो रंगपटात कोचावर पडलेला असताना एका विद्यार्थ्याने त्याच्या पोटात ठोसे मारले. पोटात कळा सुरू झाल्या. डेट्रॉइटला पोचेपर्यंत ताप 104 अंशांवर गेला. डॉक्टर इस्पितळात चला म्हणत होते, तरी 24 तारखेला तो रंगमंचावर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा अपेंडिक्स फुटून विष पोटभर पसरले होते. पेनिसिलिनचा शोध अजून लागायचा होता. 31 तारखेला तो गेला, अवघ्या 52व्या वर्षी.

माझा थोरला भाऊ अशीच कळ दाबून दोन दिवस उसाच्या ट्रॅक्टरवर बसला होता. मिरजेला नेला, पोट उघडले, म्हणून वाचला. ते दुखणे काय असते हे मी जवळून पाहिले आहे. तसल्या पोटाने हुडिनी लोकांसमोर उभा राहिला, ही गोष्ट मुलांना का सांगू नये?

2026च्या 31 ऑक्टोबरला त्याच्या मृत्यूला शंभर वर्षे होतात. त्याच्यावर लेख छापाल तेव्हा पाण्याच्या पेटीचे चित्र जरूर द्या. फक्त खाली एवढे लिहा, की 1912पासून तो त्या पेटीत उलटा टांगून घेत होता आणि दर खेळाला जिवंत बाहेर आला.

– एक कुलूप कारागीर, सांगली