‘एक शुक्राणू पुरेसा’, पण कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतील ‘इक्सी’ या वंध्यत्वावरील उपचाराविषयीचा लेख वाचला. लेखाची भाषा सोपी आहे, त्याबद्दल लेखकाचे आभार. मात्र ‘एक शुक्राणू पुरेसा’ हे शीर्षक आमच्यासारख्या जोडप्यांनी कोणत्या मनाने वाचावे, याचा विचार झालेला दिसत नाही.

‘इक्सी’त स्त्रीबीजात सुईने एकच शुक्राणू सोडता येतो आणि १९९२ साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी या पद्धतीने झालेले पहिले जन्म जाहीर केले, हे खरेच आहे. पण तो शुक्राणू कसा आहे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. वीर्यात मिलिलिटरमागे शुक्राणूंची संख्या ५० लाखांहून कमी असेल, तर आधी गुणसूत्रांची आणि पुरुषांकडे असणाऱ्या ‘वाय’ गुणसूत्रातील सूक्ष्म तुटींची (गळालेल्या लहान तुकड्यांची) तपासणी करायची असते. कारण काही तुटींमध्ये थेट वृषणातून काढूनही शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते, तर काहींमध्ये तो मिळाला तरी तीच तूट होणाऱ्या मुलग्याकडे जाते. लेखात याविषयी एक ओळही नाही.

चार वर्षांत माझ्या पत्नीच्या गर्भनलिकांची तपासणी झाली, दोनदा पोटातून दुर्बीण घातली गेली, इंजेक्शनांची तर मोजदादच नाही. माझी वीर्यतपासणी पाचव्या वर्षी झाली. नमुना तासाभराच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, हे कोणी सांगितले नव्हते; नाशिकरोडहून कॉलेज रोडकडे निघालो आणि द्वारका चौकातच पाऊण तास अडकलो. अहवालात हालचाल शून्य आली आणि त्या एका कागदावर आमच्यापुढे ‘इक्सी’च्या खर्चाचे पत्रक ठेवण्यात आले. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि तापाने त्यांच्यावर परिणाम होतो, म्हणून दीड महिन्यापूर्वीचा माझा डेंग्यूही लक्षात घ्यायला हवा होता, हे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले. तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत संख्या कमीच होती, पण हालचाल होती. दोष माझ्यात होता; नातेवाइकांचे बोल मात्र ती इतकी वर्षे ऐकत राहिली, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

त्याच पुरवणीत ‘खात्रीशीर अपत्यप्राप्ती’ची अर्धे पान जाहिरात आहे. अशी खात्री कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. ती जाहिरात छापताना आपणही विचार करायला हवा होता.

पुढच्या लेखात पतीची तपासणी सुरुवातीलाच आणि किमान दोनदा करावी, एवढे ठळक छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नाशिकरोड
(कृपया नाव छापू नये.)