गार तव्यावरची भाकरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या घरची वर्षाची चटणी आमची सौ. करायची. ब्याडगी किती, संकेश्वरी किती, खोबरं-धने-तीळ कसे भाजायचे, डंकावर कधी न्यायचं, सगळं तिला तोंडपाठ. चार उन्हाळ्यांपूर्वी तिनं मिरच्यांचे देठ काढले आणि सूप पुढ्यात घेऊन तशीच बसून राहिली. मला म्हणाली, "आता पुढं काय करायचं असतंय?" मी चिडलो. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, वय झालं, कंटाळा करत असतील. डॉक्टरांकडं जाईपर्यंत दीड वर्ष गेलं. तेवढे दिवस तिनं विनाकारण माझी बोलणी खाल्ली. ते मला अजून टोचतं.

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) म्हणजे नावं विसरणं, अशी माझी समजूत होती. हिला तर नातवंडांचे वाढदिवससुद्धा पाठ होते. बिघडला होता तो कामाचा क्रम. आधण, साखर, पूड, दूध, गाळणं: साध्या चहालाही मेंदूला एकामागून एक पायरी लावावी लागते, तीच लागेना. हात मात्र विसरले नाहीत. परवा तिनं ज्वारीची भाकरी थापली, कडेला एक चीर नाही. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि उलटायची वाट बघत उभी राहिली. खाली गॅस पेटवलेलाच नव्हता.

डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासलं. त्यातल्या बिघाडानंही असा विसर पडतो आणि वेळेत उपचार झाले तर सुधारतो. हिचा निघाला अल्झायमर, म्हणजे डिमेन्शिया आणणारा मेंदूचा आजार. तो बरा होत नाही.

मग काळजीपोटी मी तिला स्वयंपाकघरात येऊच देईना. ती दिवसभर खुर्चीत बसून पदराचं टोक चुरगाळायची. सहा महिन्यांनी माझी चूक मला कळली. आता गॅस मी पेटवतो, काम झालं की रेग्युलेटर मी बंद करतो, भाकरी ती थापते. एका वेळी एकच सांगतो. "पीठ घे." ते झालं की, "पाणी घाल."

देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. आपल्याकडं पेठापेठांत ज्येष्ठांची तपासणी शिबिरं होतात, रक्तदाब आणि साखर बघतात. तिथंच घरच्या माणसाला एवढं विचारावं: यांना रोजचा स्वयंपाक, बाजारातला हिशेब, गोळ्यांच्या वेळा पूर्वीसारख्या जमतात का? मला कुणी हे विचारलं असतं, तर मी त्याच उन्हाळ्यात तिला दवाखान्यात नेलं असतं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर