‘असे समजते’ खोडायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

गेल्या वर्षी ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, आपण मालवणात आलात. १८३२ साली याच तारखेला ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर आमच्याच जिल्ह्यातील, देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. त्यामुळे या दिवशी आमच्याकडे तसबिरीला हार, सत्कार, भाषणे आणि जेवण हा क्रम सहसा चुकत नाही. आपण मात्र भाषण करण्यास नकार दिलात आणि ज्यांना थांबायचे असेल त्यांच्यासोबत दोन दिवस बसेन, असे सांगितलेत. जेवणानंतर आम्ही मोजके तालुका वार्ताहर उरलो होतो. आपले आभार वर्षभर मनात राहिले होते. ते उघडपणे मानावेत म्हणून हे पत्र.

पहिल्याच तासाला आपण आमच्याच बातम्यांची कात्रणे आमच्यापुढे ठेवलीत आणि ‘असे समजते’, ‘बोलले जात आहे’, ‘विश्वसनीय सूत्रांनुसार’ हे शब्द दिसतील तिथे खोडायला सांगितलेत. खोडून झाल्यावर जे उरले त्यावर आपले तीनच प्रश्न होते: कुणाला समजले, त्याने ते स्वतः पाहिले का, आणि दुसऱ्या कुणाला विचारले का? माझ्या एका बातमीत शीर्षकाखेरीज जवळजवळ काहीच उरले नाही. ती बातमी आपण मुद्दाम निवडली होती की नाही, हे मी अजूनही विचारलेले नाही.

त्या बातमीची हकीकत अशी: मासेमारीबंदी उठल्यानंतरच्या वादळी दिवसांत एका नौकेशी संपर्क तुटला होता. ३१ जुलैला बंदी संपते, परंतु दर्या काही तारीख पाहून शांत होत नाही. जेटीवर जे बोलले जात होते त्याच्या भरवशावर ‘खलाशी बुडाल्याचे समजते’ अशी बातमी मी नावांसह धाडली आणि ती पहिल्या पानावर छापून आली. नौका देवगड बंदरात आसऱ्याला गेली होती. वारा पडल्यावर सगळे सुखरूप परतले. त्यांतील एकाच्या आईने तोवर दोन रात्री काढल्या होत्या. मी भेटायला गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, “पेपरात इला, म्हणान खरा वाटला.” दुरुस्ती चार दिवसांनी आतल्या पानावर, निविदांच्या जाहिरातींखाली, तीन ओळींत आली होती.

हे सारे मी आपल्याला त्या संध्याकाळी सांगितले. आपण धीर दिला नाहीत, दोषही दिला नाहीत. भारतीय प्रेस परिषदेच्या आचारसंहितेतील दुरुस्तीविषयीचा भाग काढून वाचायला दिलात. चूक झाल्यास ती तत्परतेने आणि योग्य ठळकपणे दुरुस्त करावी, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. परिषद ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते, परंतु दंड करू शकत नाही, आणि मोबाइलवरच्या वृत्तवाहिन्या तर तिच्या कक्षेतही येत नाहीत, हेही आपण लपवले नाहीत. मग हे पाळायचे कशासाठी, असे कुणीतरी विचारले, तेव्हा आपण माझ्याकडे न पाहता फक्त त्या कात्रणाकडे बोट केलेत.

दुसऱ्या दिवशीचा एक धडा आमच्या मुलखासाठीच बेतलेला होता. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार पीडित बालकाचे नावच नव्हे, तर पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार, ओळख पटेल असे काहीही देता येत नाही. आम्ही नाव वगळून वाडी आणि वडिलांचा व्यवसाय बिनधास्त लिहीत होतो. पंधरा घरांच्या वाडीत ‘रिक्षाचालकाची मुलगी’ म्हटल्यावर आणखी सांगायचे काय उरते, असे आपण विचारलेत, तेव्हा खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही.

पत्रकार परिषदेत वार्ताहरांना मिळणाऱ्या पैशांच्या पाकिटाचा विषय मात्र आपण लवकर आटोपलात, असे मला वाटले. ‘घेऊ नका’ हे ठीकच आहे. परंतु ज्याला मानधन नाममात्र आहे आणि ज्याचे घर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींवरील कमिशनवर चालते, त्या वार्ताहराने त्याच पुढाऱ्याविरुद्ध कसे लिहावे, याचे उत्तर आम्हांला अजून हवे आहे. हा तक्रारीचा सूर नाही; आपल्याशिवाय कुणाला विचारावे हे कळत नाही, इतकेच.

या ऑगस्टमध्ये पुन्हा एक नौका संपर्काबाहेर गेली. मी मालकाशी आणि मत्स्यव्यवसाय विभागाशी बोललो, देवगड आणि विजयदुर्ग येथील ओळखीच्या मच्छीमारांना फोन केले आणि शेवटचा संपर्क किती वाजता झाला एवढेच, सांगणाऱ्याच्या नावानिशी लिहिले. खलाशांची नावे दिली नाहीत. इतरांनी ती तासाभरात दिली, आणि कार्यालयातून मला दोनदा फोन आला. तिसऱ्यांदा येण्याआधी नौका किनाऱ्याला लागली होती.

आमच्याकडे या वर्षी तीन नवी मुले रुजू झाली आहेत. येत्या जानेवारीत, आंब्याची गडबड सुरू होण्याआधी, आपण दोन दिवस काढाल का? राहण्याची सोय माझ्या घरी आहे. कात्रणे या वेळी मीच जमवून ठेवतो. पहिले माझेच असेल.

आपला कृतज्ञ,
एक तालुका वार्ताहर, मालवण