लिलावातली ठोकलेली गाडी जरूर दुरुस्त करा, पण ते आरसीवर दिसू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

मागे तुमच्या पुरवणीत जुनी गाडी घेताना काय बघावं यावर लेख आला होता, टायर बघा, किलोमीटर बघा, सर्व्हिसची बिलं मागा वगैरे. सगळं बरोबर आहे. पण ही गाडी आधी विमा कंपनीने टोटल लॉस करून, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकाला पैसे देऊन, लिलावात काढली होती का, हे त्यात कुठंच नव्हतं आणि मला विचाराल तर गिऱ्हाइकाने पहिलं तेच विचारायला पाहिजे. माझं कोल्हापुरात उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, अशा गाड्या टोइंगवरून आमच्याच दारात येतात आणि आम्हीच त्या उभ्या करतो, म्हणून लिहितोय. नाव छापू नका एवढी विनंती.

आधी टोटल लॉसबद्दल सांगतो कारण लोकांना वाटतं गाडीचा पार चेंदामेंदा झाला म्हणजे टोटल लॉस. तसं नसतं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात गाडीची जी किंमत धरलेली असते तिच्या, 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉसमध्ये जाते, एवढाच हिशोब. आता आयडीव्ही दरवर्षी उतरत जाते, तीन वर्षं झालेल्या गाडीला 40 टक्के घसारा, चार झाली की 50 टक्के, पण पार्टची किंमत काही उतरत नाही, आणि शोरूमचं एस्टिमेट सगळ्या नव्या पार्टचं, त्यांच्या लेबरचं आणि जीएसटीसकट असतं. समजा आयडीव्ही 4 लाख आहे, समोरून धडक बसली, एअरबॅग उघडल्या, एस्टिमेट आलं 3 लाख 20 हजार, झाली टोटल लॉस. पण इंजिन चांगलं असतं, गिअरबॉक्स चांगला असतो, मागचा अर्धा भाग तर कंपनीतून आल्यासारखा असतो. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी 'जशी आहे जिथे आहे' या अटीवर ऑनलाइन लिलावात जाते. त्या धंद्यातला माणूस ती समजा 1 लाख 30-40 हजाराला उचलतो, आमच्यासारख्याकडे आणतो, भंगारातून निघालेले चांगले पार्ट लावतो आणि दुरुस्तीला दीड लाख घालून उभी करतो. त्यात चुकीचं काही नाही, उलट चांगली गाडी मोडीत जाण्यापेक्षा रस्त्यावर आलेली बरी, आणि आमच्यासारख्या किती जणांची चूल त्याच्यावर चालते.

प्रश्न पुढं आहे. ठोकलेली गाडी दुरुस्त करायला दोन रस्ते असतात आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

आजकालच्या गाडीला वेगळी चेसिस नसते, बॉडी हीच चेसिस. समोरून मार बसला की बंपर, बॉनेट, रेडिएटर सपोर्ट जातात ते सगळ्यांना दिसतं, पण त्यांच्या मागे ऍप्रन म्हणजे आतला पत्रा आणि दोन बाजूला दोन लांब मेंबर म्हणजे पोलादी दांडे असतात, ते चुरगळायलाच बनवलेले असतात म्हणजे आतल्या माणसाला झटका कमी बसतो. एकदा चुरगळला की त्याचं काम झालं. चांगला डेंटर काय करतो तर गाडी बेंचवर, म्हणजे बॉडी मापात आणायच्या लोखंडी चौकटीवर, बांधतो, सस्पेंशनच्या टॉवरपासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घेतो, कंपनीच्या मापाशी जुळवतो, मेंबर बदलायचा तर जिथं कंपनीचा जोड आहे तिथून स्पॉट वेल्ड ड्रिल करून काढतो आणि तिथंच नवा लावतो. दुसरा रस्ता म्हणजे साखळी अडकवायची, गॅसने लाल करायचं, खेचायचं, हातोडीने सरळ दिसेपर्यंत ठोकायचं आणि वरून पुटी. पिलरमधलं हाय स्ट्रेंथ स्टील तापवलं की त्याची ताकद गेली, हे आमच्या लाइनमध्ये पोरासोरांना पण माहिती आहे, तरी होतंय. कारण बेंचवर घ्यायचे पैसे द्यायला कोणी तयार नाही, गाडी विकायचीच आहे तर कशाला असं त्यांचं म्हणणं.

आणि एअरबॅग. याच्यावर तर मी रात्रभर बोलू शकतो. एअरबॅग एकदाच उघडते, धडकेत बेल्ट घट्ट करणारा प्रिटेन्शनर एकदाच ओढतो, मॉड्यूलमध्ये म्हणजे एअरबॅगच्या कंट्रोल बॉक्समध्ये अपघाताची नोंद होऊन बसते, म्हणजे नियमाने दोन्ही बॅगा, दोन्ही बेल्ट, मॉड्यूल आणि बहुतेक वेळा डॅशबोर्ड असं सगळं बदलायला लागतं. छोट्या गाडीला सुद्धा हा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. मग लोक काय करतात तर स्टीअरिंगवर नुसतं कव्हर बसवतात, फाटलेला डॅशबोर्ड भरून वरून रेक्झिन चढवतात आणि बॅगच्या जागी वायरमध्ये दोन-पाच रुपयांचा रेझिस्टर टाकतात, मॉड्यूलला वाटतं बॅग जागेवर आहे, मीटरवरचा लाल दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश. काही जण तर दिव्यालाच काळी पट्टी मारतात. सरकारने 2019 मध्ये ड्रायव्हरची आणि नंतर शेजारच्या सीटची एअरबॅग सक्तीची केली, 2023 मध्ये भारत एनकॅपचे म्हणजे गाडी धडकवून घेतलेल्या सुरक्षा चाचणीचे स्टार आले, लोक आता शोरूममध्ये जाऊन स्टार विचारतात ही चांगलीच गोष्ट आहे, पण ते स्टार कंपनीतून निघालेल्या गाडीचे आहेत, साखळीने खेचून रेझिस्टर टाकलेल्या गाडीला ते लागू नाहीत हे कोण सांगणार?

आपल्या भागात अजून एक प्रकार आहे तो म्हणजे पुराची गाडी. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत किती गाड्या पाण्यात होत्या हे तुम्हाला सांगायला नको, 2021 ला चिपळूण-महाडला तेच. पुराची गाडी ठोकलेल्या गाडीपेक्षा वाईट, हे माझं मत. ठोकलेली निदान दाखवते तरी कुठं मोडलंय. पुराची धुवून, पॉलिश करून नवीन सीट कव्हर घातलं की चकाचक, पण एअरबॅगचं मॉड्यूल बहुतेक गाड्यांत गिअरच्या खाली, जमिनीलगत असतं, म्हणजे पाणी आत शिरलं की पहिलं तेच भिजणार, आणि कनेक्टरमधला हिरवा गंज सहा महिन्यांनी बोलायला लागतो, तोवर गाडी दुसऱ्या जिल्ह्यात नाहीतर दुसऱ्या राज्यात गेलेली असते. घेणाऱ्यांनी स्टेपनीच्या खड्ड्यात आणि सीटच्या रुळाखाली बोट फिरवून बघावं, बारीक गाळ सापडला तर तिथूनच नमस्कार करावा.

आता कागदाचं बोलू. मोटार वाहन कायद्याचं कलम 55 म्हणतं की गाडी नष्ट झाली किंवा कायमची वापरण्यालायक राहिली नाही तर मालकाने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि रजिस्ट्रेशन रद्द होणार. पण 75 टक्क्यांचा हिशोब हा विमा कंपनीचा, आणि 'कायमची निकामी' हा शब्द कायद्याचा. या दोन्हीच्या मध्ये जी फट आहे ना, त्या फटीतून हा सगळा धंदा चालतो. काही गाड्या आरसी रद्द होऊन पार्टसाठी विकल्या जातात ते ठीक, बाकीच्या आरसीसकट जातात आणि त्या आरसीवर कुठंही एक अक्षर नसतं की ही गाडी टोटल लॉस झाली होती. प्रायव्हेट गाडीला 15 वर्षं फिटनेस लागत नाही, म्हणजे दुरुस्त झाल्यावर एका तरी सरकारी माणसाने ती बघितली पाहिजे असंही नाही. टेम्पो-ट्रकला बघतात, कारला नाही. आणि नवीन विमा काढताना तपासणी काय, तर मोबाईलवर चारी बाजूने व्हिडिओ काढून पाठवा.

मूळ मालकाचं पण सांगतो. क्लेमचे पैसे मिळाले की तो गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29, 30 वर कोऱ्या सह्या करून मोकळा होतो. लिलावात घेणारा गाडी स्वतःच्या नावावर करतच नाही, विकायचीच असते ना, सह्यांचे कागद तसेच पुढं पुढं जातात. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव आहे तोच मालक, त्या केसमध्ये तर गाडी बऱ्याच हातांतून पुढं गेली होती तरी भरपाईची जबाबदारी रेकॉर्डवरच्या मालकावरच आली. म्हणजे तुम्ही विसरून गेलेल्या गाडीने तिकडं कुठं कुणाला उडवलं तर नोटीस तुमच्या घरी येणार. तेव्हा टोटल लॉस घेताना एक तर आरसी रद्द करून घ्या नाहीतर ट्रान्सफर झाल्याचा कागद हातात पडल्याशिवाय गप्प बसू नका.

आणि सगळ्यात घाण प्रकार म्हणजे नुसत्या कागदासाठी गाडी घेणं. चेंदामेंदा झालेली गाडी लिलावात कुणी जास्त बोली लावून घेतली तर समजायचं त्याला गाडी नकोय, आरसी आणि चेसिस नंबर पाहिजे. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी कुठून तरी चोरायची, तिचा नंबर कापून काढायचा आणि ह्या गाडीचा तुकडा तिथं वेल्ड करायचा, झाली कागदोपत्री एकदम क्लीन गाडी. अशा टोळ्या पोलिसांनी वेगवेगळ्या राज्यांत पकडल्यात. पकडल्यावर चोरीची गाडी पोलीस जप्त करतात आणि ज्या बिचाऱ्याने लोन काढून घेतली तो हप्ते भरत बसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. टोटल लॉसचा क्लेम पास झाला की त्याच दिवशी ती नोंद गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी 'वाहन' पोर्टलवर पडली पाहिजे, ठोकली का बुडाली तेही लिहिलेलं पाहिजे, आणि नंबर टाकल्यावर कोणालाही दिसलं पाहिजे. माहिती नाही असं नाहीये, नुकसान बघायला आलेल्या सर्व्हेयरचा रिपोर्ट असतो, फोटो असतात, विमा कंपन्यांचा क्लेमचा डेटा इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे जातो, फक्त गिऱ्हाइकापर्यंत येत नाही. दुसरं, अशी गाडी परत रस्त्यावर आणायची असेल तर आरटीओने एकदा तपासावी, मापं आणि एअरबॅगची बिलं बघून. इंग्लंडमध्ये 2017 पासून चार वर्ग आहेत, ए म्हणजे पूर्ण मोडीत, बी म्हणजे पार्ट काढा पण बॉडी मोडीत, एस म्हणजे ढाच्याला मार आणि एन म्हणजे ढाच्याला मार नाही, एस आणि एन परत रस्त्यावर येऊ शकतात पण तो शिक्का राहतो. अमेरिकेत आमचा भाचा असतो, तिकडं साधी माणसं लिलावातून ठोकलेली गाडी घेऊन घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करतात, तपासणी झाली की कागदावर 'रिबिल्ट' लागतं, गाडी त्यामुळे स्वस्तात जाते, पण घेणारा जाणून घेतो.

आमच्या धंद्यातले काही जण माझ्यावर चिडतील, शिक्का लागला तर भाव पडेल म्हणून. पडू दे की. आज बेंचवर घेऊन नीट काम करणारा आणि पुटी भरून देणारा दोघांच्या गाडीला बाजारात एकच भाव येतो, मग नीट काम करणाऱ्याने करायचं कशाला? तपासणी आली तर ज्याच्याकडे बिलं आहेत त्याची गाडी विकली जाईल.

2023 च्या एप्रिलपासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडे नोंदणीचा नियम आलाय, गाडी त्याच्या ताब्यात आली की पोर्टलवर कळवायची. त्याच फॉर्ममध्ये टोटल लॉसचा एक रकाना वाढवायला काय हरकत आहे ते मला कळत नाही. तुमच्या वार्ताहराला जमलं तर आपल्या आरटीओत जाऊन एवढं विचारा की गेल्या वर्षी कलम 55 खाली किती कारच्या आरसी रद्द झाल्या, आणि विमा कंपन्यांना विचारा की एमएच 09 च्या म्हणजे कोल्हापूर पासिंगच्या किती कार टोटल लॉस केल्या. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा. गॅरेज बघायचं असेल तर पाठवा कोणाला तरी, रेझिस्टर टाकलेलं स्टीअरिंग काढून दाखवतो.

आपला,
एक गॅरेजवाला, उद्यमनगर, कोल्हापूर