सुटका झालेल्या घोड्यांना वेळ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीची लग्ने लागली की लग्नसराईला तोंड फुटते आणि वरातीच्या घोड्यांचे हाल पुन्हा बातम्यांत येऊ लागतात. आपल्या वृत्तपत्रातही नुकतीच अशा काही जखमी घोड्यांची सुटका झाल्याची बातमी छायाचित्रासह आली होती. ज्यांनी हे काम केले त्यांचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच आहे. मात्र ते छायाचित्र मी बराच वेळ पाहत राहिलो. घोड्याभोवती पाच-सहा माणसे उभी आहेत, सर्वांच्या चेहऱ्यावर समाधान आहे आणि एकाने प्रेमाने घोड्याच्या कपाळावर हात ठेवला आहे. घोड्याचे कान मागे वळून मानेला चिकटले आहेत, डोळ्याच्या कडेचे पांढरे दिसते आहे, नाकपुड्या आवळलेल्या आहेत आणि शेपूट मांड्यांत दाबलेले आहे. तो घोडा त्या क्षणीही भयभीत होता आणि तिथल्या कोणाच्याही ते लक्षात आलेले नव्हते. त्याबद्दल चार शब्द लिहावेत म्हणून हे पत्र.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून तेहतीस वर्षे नोकरी केली. सगळा जन्म गाई, म्हशी आणि बैलांत गेला. निवृत्तीनंतर एका परिचित पशुवैद्यांच्या आग्रहावरून, जप्त केलेल्या दोन घोड्यांना आमच्या शेतावर जागा दिली आणि त्यानंतर आणखी तीन आले. बैलाच्या सवयीने घोड्याजवळ जाता येत नाही, हे मला त्या वयात नव्याने शिकावे लागले. घोडा हे भक्ष्य होणारे जनावर आहे. त्याच्या शरीराची सगळी रचना संकट दिसताच पळण्यासाठी झालेली आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांतले दिसते. कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा पट्टा तेवढा दिसत नाही. म्हणजे आपण मायेने ज्या कपाळावर हात ठेवायला जातो, तिथे आलेला हात त्याला शेवटच्या क्षणी दिसेनासा होतो. ज्याने त्या बाजूने फटकेच खाल्ले आहेत, त्याला तो हात मायेचा आहे हे कळणार तरी कसे?

आमच्याकडे दुसऱ्या वर्षी आलेली पांढरी घोडी वरातीतली होती. आम्ही तिला शेवंती म्हणतो. रात्री टेम्पोतून आली तेव्हा फळी खाली टाकूनही ती दोन तास उतरली नाही. काटेरी लगामाने तिच्या तोंडाचे दोन्ही कोपरे फाटले होते, पाठीवर खोगिराच्या जुन्या जखमांचे केस न उगवलेले डाग होते, आणि कोणी नुसते डोके खाजवायला हात वर केला तरी ती झटक्याने मागे हटून भिंतीवर आदळत असे. स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण 28 ते 44 पडतात. पशुवैद्यांनी पहिल्याच दिवशी कशीबशी नळी लावून मोजले तेव्हा तिचे ठोके साठीच्या वर होते, आणि ती तर जागेवरून हललीही नव्हती.

अशा घोड्याच्या बाबतीत काय करावे, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवले नाही. पूर्वी टांगा हाकणाऱ्या आमच्या भागातील एका वृद्ध मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याने, शिकवले. ते म्हणाले, तुम्ही तिच्याकडे जाऊ नका, तिला तुमच्याकडे यायचे की नाही ते तिचे तिला ठरवू द्या. त्यांच्या सांगण्यावरून मी रोज सकाळी तिच्या कुंपणाच्या आत, तिच्यापासून शक्य तितक्या लांब, पालथ्या बादलीवर बसू लागलो आणि आपले वृत्तपत्र वाचू लागलो. पहिल्या दिवशी पान उलटल्याचा आवाज झाला तशी ती बुजून पलीकडच्या टोकाला पळाली. मग मी घरूनच घडी घालून आणू लागलो आणि एकच पान वाचून उठू लागलो. आठ दिवसांनी दोन पाने उलटली, पुढे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिच्याकडे रोखून पाहायचे नाही, तिने एक पाऊल पुढे टाकले तर आपण हलायचे नाही, आणि तिने मान वर करून कान ताठ केले की आपणच उठून थोडे दूर व्हायचे, एवढाच नियम होता. आपण दूर झाल्याने तिला कळते की, तिने नको म्हटले तर समोरचा माणूस ऐकतो. मारून वळवलेल्या जनावराला हा अनुभव आयुष्यात कधी आलेला नसतो आणि माझ्या मते पुढचे सगळे याच एका अनुभवावर उभे राहते. पाचव्या आठवड्यात कधीतरी माझ्या खांद्यामागे गरम श्वास जाणवला. तिने वर्तमानपत्राच्या कडेला नाक लावून दोनदा हुंगले, फुरफुरली आणि निघून गेली. त्या दिवशी तिला हात लावण्याचा मोह मी आवरला.

हात लावायची वेळ आली तेव्हाही तोंडाला न लावता, बाजूने तिरके जाऊन, आयाळ संपते त्या उंचवट्यापाशी लावला. दोन घोड्यांचे जमते तेव्हा ते एकमेकांना नेमके तिथेच दातांनी खाजवतात, आणि त्या जागी खाजवल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे अभ्यासकांनी मोजून पाहिलेले आहे. हात पाच-सहा वेळा फिरवायचा आणि तिने दूर व्हायच्या आत आपणच काढून घ्यायचा. दोरीचेही तसेच आहे. म्होरकीला धरून हलका ताण द्यायचा आणि तिने अर्धे पाऊल टाकले की त्याच क्षणी ढील द्यायची. घोडा ताणाने शिकत नाही, ढिलीने शिकतो. ही ढील एका क्षणाने जरी चुकली तरी तो भलतेच शिकतो. खरारा करायलाही याच रीतीने, आधी नुसता ब्रश जमिनीवर ठेवून हुंगू देण्यापासून सुरुवात करावी लागली.

इथे माझ्या हातून झालेली एक चूकही सांगितली पाहिजे. तोंडाची जखम चिघळू लागल्याने दुसऱ्या महिन्यात औषध लावणे भाग पडले. पशुवैद्यांनी शामक इंजेक्शन देण्याचे सुचवले होते, पण त्यांना यायला दुपार होणार होती. मला धीर धरवला नाही. नोकरीत शेकडो जनावरे धरलेली असल्याने मी दोन गड्यांना बोलावून तिला खांबाला बांधले, वरचा ओठ दोरीने पिळून धरला आणि पाच मिनिटांत औषध लावून मोकळा झालो. जखम बरी झाली, मात्र त्यानंतर बावीस दिवस ती माझ्या बादलीजवळ फिरकली नाही. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात, आणि इथे तर पुन्हा दूधच पाजले गेले होते. शामक देऊन काम करणे म्हणजे जनावराचे लाड नव्हेत, हे मला तेव्हा उमगले.

बुजणाऱ्या घोड्याची भीती निदान दिसते तरी. आमच्याकडच्या दुसऱ्या एका घोड्याने मला अधिक फसवले. तो आला तेव्हा कोणीही कुठेही हात लावावा, पाय उचलावा, तो दगडासारखा उभा. फार गरीब जनावर आहे, असे सगळे म्हणत. मोतद्दारांनी त्याच्याकडे थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, हा गरीब नाही, याने आशा सोडली आहे. कितीही धडपड केली तरी सुटका नाही, हे एकदा मनाने घेतले की घोडा धडपडणे सोडून देतो. आतली भीती मात्र तशीच राहते. तीन महिन्यांनी तो घोडा अचानक दात विचकू लागला, पाय हिसकू लागला, तेव्हा शेजारीपाजारी म्हणाले की तो बिघडला. खरे तर त्याला पहिल्यांदाच नको म्हणण्याचे धाडस झाले होते. असे घोडे 'शांत' म्हणून घाईघाईने दत्तक दिले जातात आणि पुढे उलटले म्हणून परत येतात. ज्या संस्था हे काम करतात त्यांना माझी विनंती आहे की, अगदी शांत दिसणारा घोडा सर्वांत शेवटी दत्तक द्यावा. आणि जो दत्तक घेणार आहे त्याने आधी काही आठवडे त्या घोड्याकडे येऊन नुसते बसावे.

खाण्याबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण इथे चांगल्या मनाने जीव जातो. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या घोड्यापुढे पहिल्या दिवशी भरपूर चंदी, म्हणजे दाणा, ठेवली तर पहिल्या आठ-दहा दिवसांतच तो दगावू शकतो. थोडा थोडा लसूणघास आणि वाळले गवत दिवसातून अनेकदा, तेही पशुवैद्यांच्या सल्ल्याने द्यावे लागते. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पाहुण्यांनी हौसेने चारलेली शिळी पोळी, गूळ किंवा लाडू पोटशूळ होऊन त्याच्या जिवावर बेतू शकतात. शिवाय अनोळखी हातातून खाऊ मिळू लागला की घाबरलेला घोडा खाऊसाठी पुढे येतो, पण त्याची भीती जात नाही, आणि अशा गोंधळलेल्या अवस्थेत तो चावतो.

आता प्रशासनाकडे वळतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आजही पहिल्या गुन्ह्यासाठी दहा ते पन्नास रुपये दंड सांगतो, आणि टोकदार लगामाला 1965 च्या नियमांनी मनाई असूनही तो सर्रास वापरला जातो. मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये मुंबईतील व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा घोडे आणि चालक या दोघांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे आला होता. खटला चालू असताना जप्त जनावरांना कुठे ठेवायचे आणि त्यांची वाहतूक, देखभाल व उपचार यांचा खर्च कोणाकडून घ्यायचा, याचे नियम 2017 पासून आहेत. पण देखभाल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चारा, पाणी आणि औषध येते. भेदरलेल्या घोड्याच्या देखभालीत त्याच्याजवळ रोज तोच एक माणूस असणे हाही खर्च धरला पाहिजे. आमच्याकडे आलेल्या एका घोड्याला सहा महिन्यांत तीन ठिकाणी हलवले गेले होते आणि प्रत्येक ठिकाणी त्याला पहिल्यापासून घाबरावे लागले होते. ताबा देण्याचे आदेश काढताना, सोबत वाढलेली जोडी शक्यतो तोडू नये आणि निकाल लागेपर्यंत जागा बदलू नये, एवढे जरी पाहिले तरी फार मोठे काम होईल. ग्लँडर्ससारखा रोग माणसालाही होऊ शकतो, म्हणून तपासणीचा अहवाल येईपर्यंत घोडा वेगळा ठेवावाच लागतो, त्याला इलाज नाही. पण वेगळा ठेवायचा म्हणजे चार भिंतींत एकटा कोंडायचा असे नव्हे. सुरक्षित अंतरावरून दुसरा घोडा त्याच्या नजरेस पडत राहील, अशी सोय बहुतेक ठिकाणी करता येते. घोडा उभ्यानेही डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते, आणि सोबतीला कोणी पहारा देत आहे असे वाटल्याखेरीज घाबरलेला घोडा सहसा आडवा होत नाही.

हे पत्र घोड्यांवर पोट असणाऱ्यांच्या विरोधात आहे, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी येथील अनेक कुटुंबांचा संसार घोड्यांवर चालतो आणि त्यांच्यात आपल्या आधी घोड्याच्या तोंडी घास देणारी माणसे मी पाहिली आहेत. सारंगखेड्याच्या यात्रेत नुसत्या फुरफुरण्यावरून घोड्याचे मन ओळखणारे जाणकार आजही भेटतात. सुटका झालेल्या घोड्यांसाठी चालणाऱ्या निवाऱ्यांत अशा अनुभवी मोतद्दारांना पगारी काम दिले, तर त्यांची विद्या वाया जाणार नाही आणि हौशी स्वयंसेवकांनाही शिकायला गुरू मिळेल. मला तो भेटला नसता तर शेवंतीला मी कायमचे बिघडवून ठेवले असते.

शेवंतीने आठव्या महिन्यात नालबंदाला पुढचा पाय आपणहून उचलून दिला. मागचे पाय द्यायला वर्ष उलटून गेले. गावात वरातीचा ताशा कडाडला की ती अजूनही कुंपणाच्या टोकाला जाऊन थरथरत उभी राहते, आणि तेवढा वेळ मी तिच्याजवळ जाऊन बसतो.

ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांना एकच सांगणे आहे. घोडी ठरवायला जाल तेव्हा लगामाची तोंडात जाणारी कडी हातात घ्या आणि तिच्यावरून बोट फिरवून पाहा. बोटाला टोचली तर घोडी नाकारून परत येऊ नका, कारण ती तशाच लगामाने दुसऱ्या दारात उभी राहील. साधी कडी लावलीत तरच सुपारी देऊ, असे मालकाला सांगा, आणि घोडी असेल तिथे फटाके लावणार नाही हेही आपण होऊन कबूल करा. आमच्या गावात गेल्या हंगामात दोन घरांनी असे सांगितले होते आणि दोन्ही वेळा कडी बदलून आली.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. वाई, जि. सातारा