सॅस्काटूनच्या खांबावरची पाहुणी

ठाणे,
१८ जानेवारी

प्रिय मंद्या,

तुझा फोटो काल रात्री कॅनडातून आला आणि झोपच उडाली. विजेच्या खांबावरचं ते हिमघुबड मी कितीतरी वेळ मोठं करकरून पाहत होतो. येऊरला पहाटे पिंगळ्याच्या ढोलीसमोर आपण दबा धरून बसायचो, आठवतं? तो पिंगळा जेमतेम वीतभर. हे त्याच्या जवळपास तिप्पट, आणि पंख पसरले की दीड मीटरपर्यंत!

मला ती मादी वाटते. अंगावर काळपट पट्टे दाट आहेत. नर वयात आला की जवळजवळ पांढराशुभ्र होतो. पण कोवळ्या नरालाही पट्टे असतात, म्हणून पैज लावत नाही. पाय पाहिलेस का? नखांपर्यंत पिसं, लोकरीचे मोजे चढवल्यासारखी. डोळे हळदीसारखे पिवळे, चोच पिसांत बुडालेली.

तुझ्याकडे ती थंडीपुरती आली आहे. तिचं घर आर्क्टिकच्या टुंड्रात, जिथे घरट्याला झाडच नाही. वाऱ्याने बर्फ उडालेल्या उंचवट्यावर मादी नखांनी जमीन उकरते आणि त्या उघड्या खळग्यात अंडी घालते. किती, ते लेमिंगवर ठरतं. हे उंदरासारखे प्राणी मुबलक असले तर नऊ-दहा अंडी, नसले तर त्या वर्षी एकही नाही. मंद्या, हे वाचून मी थांबलोच. अंडी एक-दोन दिवसांच्या अंतराने येतात आणि ती पहिल्यापासूनच उबवायला बसते, साधारण ३२ दिवस. त्यामुळे धाकटं बाहेर येतं तेव्हा थोरलं चांगलं बाळसं धरून असतं. तोवर नर तिला शिकार आणून देतो. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही, म्हणून शिकार दिवसाढवळ्या. घुबडाला आपण दिवाभीत म्हणतो. हिला ते नाव कसं लागू पडावं?

एक कळकळीचं सांगणं. गाडीतूनच बघ, जवळ जाऊ नकोस. फोटोसाठी उंदीर टाकून बोलावणारे भेटले तर त्यांच्यासोबत थांबू नकोस. २०१७ पासून ही जात संकटग्रस्तांच्या जागतिक यादीत आहे. आमच्या टाकीखाली गव्हाणी घुबड आलं तेव्हा अपशकुन म्हणून हाकलायला निघालेल्यांना मी दोन रात्री समजावत होतो. ते अजून आहे, आणि गटाराकडचे उंदीर कमी झालेत.

ती उडून गेली की खांबाखाली बघ. तिने ओकलेले, न पचलेल्या हाडांचे आणि केसांचे करडे गोळे बर्फावर पडलेले असतील. हातमोजे घालून एखादा फोड, आणि कवटी निघाली तर दातांचा जवळून फोटो पाठव. वाट पाहतोय.

तुझाच,
अवी