फाटक सूर्योदयाआधी उघडा : वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमचे पक्षिनिरीक्षण मंडळ दर वसंतात सर्वांसाठी एक सामूहिक फेरी काढते. तिच्या निमित्ताने एकच मागणी आपल्यापुढे ठेवत आहोत. आपल्या खात्याच्या ताब्यातील पाणथळ जागा, वनउद्याने आणि राखीव माळराने वसंतातल्या काही आठवड्यांपुरती तरी, नोंदणी केलेल्या गटांसाठी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी खुली व्हावीत. आज ती कार्यालयाच्या वेळेला उघडतात. तोवर पक्ष्यांची सकाळ उरकलेली असते.

हा हौशी लोकांचा हट्ट वाटू नये, म्हणून कारण सविस्तर सांगतो. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्यांच्या शरीरात संप्रेरकांचे प्रमाण बदलते आणि नर गाऊ लागतात. हे गाणे मुख्यतः आपली हद्द जाहीर करण्यासाठी आणि जोडीदार मिळवण्यासाठी असते. पहाटे वारा पडलेला असतो, माणसांचा गलबला नसतो, त्यामुळे आवाज लांबवर पोचतो. शिवाय त्या अंधूक उजेडात किडे शोधणे कठीण जाते, म्हणून तो वेळ गाण्याला मिळतो, असे एक कारण अभ्यासक सांगतात. ऊन चढू लागले की गाणे विरळ होते. दाट झाडीतले कितीतरी पक्षी दिसण्याआधी ऐकू येतात आणि बऱ्याचदा शेवटपर्यंत दिसतच नाहीत. त्यांची नोंद कानांनीच करावी लागते. तीच वाट, तीच माणसे, पण निघायला दोन-तीन तास उशीर झाला, तर यादी आखूड होते. पक्षी तिथेच असतात, फक्त गप्प झालेले असतात.

आता या याद्यांचे महत्त्व. उत्तर अमेरिकेत १९६६ पासून विणीच्या हंगामात पक्ष्यांची एक गणना चालते. सुमारे ४० किलोमीटरचा ठरलेला मार्ग, त्यावर ५० थांबे आणि प्रत्येक थांब्यावर ३ मिनिटे. जे दिसेल आणि जे ऐकू येईल ते लिहायचे. सुरुवात स्थानिक सूर्योदयाच्या बरोबर अर्धा तास आधी. हे काम प्रामुख्याने स्वयंसेवक करतात. आमच्या मागणीतला अर्धा तास आम्ही इथूनच घेतला आहे.

२०१९ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की १९७० नंतर त्या खंडातले सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले आहेत. त्या निष्कर्षामागे जी दीर्घकालीन आकडेवारी होती, तिचा मोठा भाग याच पहाटेच्या नोंदींतून आला होता. त्यात सर्वांत मोठी घट होती ती नेहमी दिसणाऱ्या पक्ष्यांची, ज्यांना कोणी दुर्मीळ म्हणून जपत नव्हते. महोदय, साध्या पक्ष्यांची घट अशीच होते. रोज दिसणारा पक्षी थोडा थोडा कमी होत असतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात यायला एकाच जागी, एकाच हंगामात, एकाच वेळी, वर्षानुवर्षे केलेली मोजणी हाताशी असावी लागते.

आमची मंडळे हे काम आनंदाने करतील. २००२ मध्ये सुरू झालेल्या ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळामुळे कोणालाही आपली यादी वेळ, ठिकाण आणि चाललेल्या अंतरासह नोंदवता येते. मात्र आमची यादी कुठे कधी सुरू होणार, हे आज फाटक ठरवते. एका जागी ते लवकर उघडते, दुसरीकडे उशिरा, तिसरीकडे रखवालदार येईल तेव्हा. अशा याद्यांची एकमेकींशी तुलना कशी करायची? आपल्याच खात्याच्या उपयोगी पडली असती अशी माहिती केवळ वेळेअभावी कच्ची राहते, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

आकडे बाजूला ठेवले तरी ही फेरी आम्हाला फार मोलाची आहे. आमच्या फेरीला दर वेळी पहिल्यांदाच दुर्बीण हातात धरणारे लोक येतात. पाणथळीवर त्यांना वसंतातले रंग पाहायला मिळतात. हिवाळाभर मळकट राखाडी दिसणाऱ्या बाकचोच तुतारी या पाणपक्ष्याच्या छातीवर विटकरी रंग चढलेला असतो, कुरवाचे पांढरे डोके गडद टोपी घातल्यासारखे झालेले असते. लवकरच ते उत्तरेकडे निघणार असतात, म्हणून अधाशासारखे खाऊन चरबी साठवत असतात. झाडीत शिरल्यावर आम्ही सगळ्यांना काही मिनिटे नुसते उभे राहायला सांगतो. डोळे मिटा आणि किती वेगळे आवाज येतात ते बोटांवर मोजा. ज्यांना दिसत नाही असे लोकही या फेरीत येतात, आणि आवाजावरून पक्षी ओळखण्यात ते अनेकदा आमच्या पुढे असतात. एरवी निसर्गभ्रमंतीत त्यांना कोणीतरी सांगेल तेवढेच मिळते. इथे तेच इतरांना सांगतात. उन्हे वर आल्यावर सुरू होणाऱ्या फेरीत त्यांच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. आमच्या दृष्टीने या मागणीचे हे सर्वांत भक्कम कारण आहे.

विणीच्या काळात माणसांची वर्दळ वाढली तर पक्ष्यांना त्रास होईल, हा आक्षेप आम्हाला पूर्ण मान्य आहे. म्हणून अटी आम्हीच सुचवतो. गट लहान असावा आणि त्याच्यासोबत जाणकार असावा. ठरलेली वाट सोडू नये. टिटवी आणि चिखल्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात, तो भाग हंगामभर पूर्ण बंद ठेवावा, आम्हालाही. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावणे सक्तीने बंद करावे. तो आवाज ऐकून नराला हद्दीत घुसखोर आल्याचे वाटते आणि तो सगळे सोडून त्याच्यामागे धावतो. फोटोसाठी घरट्यासमोरच्या फांद्या वाकवणाऱ्याला तर आम्ही आजही फेरीतून परत पाठवतो. त्या फांद्यांमुळेच घरटे कावळ्यांच्या नजरेआड राहिलेले असते. या अटी मोडणाऱ्या मंडळाची नोंदणी रद्द केली, तर आमची तक्रार नसेल.

दुसरी अडचण मनुष्यबळाची. पहाटे फाटक उघडायला कोणाला तरी लवकर उठून यावे लागेल, आणि तो बोजा रखवालदारावर फुकट टाकणे अन्यायाचे होईल. त्या दिवसांची पाळी बदलावी किंवा जादा कामाचा मोबदला द्यावा. कित्येक रखवालदारांना त्या जागेतले पक्षी आमच्याहून नीट माहीत असतात. कोणती जोडी कुठे बसते, कोणता पक्षी यंदा उशिरा आला, हे ते सहज सांगतात. त्यांना वाटाड्याचे प्रशिक्षण आणि मानधन मिळाले, तर फेरीला त्यांच्याहून चांगला जाणकार मिळणार नाही.

परवानगीची पद्धतही सोपी व्हावी. प्रत्येक फेरीसाठी वेगळा अर्ज करायचा आणि उत्तराची वाट पाहायची, यात हंगाम निघून जातो. स्थलांतरी पक्षी एखाद्या पाणथळीवर कधी काही दिवसच थांबतात आणि वारा अनुकूल झाला की निघतात. संपूर्ण हंगामासाठी एकच पास द्यावा. जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही कळवू.

मे महिन्याचा दुसरा शनिवार जागतिक स्थलांतरी पक्षी दिन म्हणून पाळला जातो. सुरुवात त्या दिवसापासून करता येईल. प्रायोगिक म्हणून एका पाणथळीचे फाटक त्या पहाटे उघडावे आणि आपण स्वतः आमच्याबरोबर यावे, ही विनंती. दुर्बीण आम्ही देऊ. गाड्या मात्र लांब थांबवून शेवटचे अंतर चालत यावे लागेल, कारण दरवाजे आपटल्याच्या आवाजानेही पक्षी बुजतात. त्या सकाळची यादी आम्ही त्याच दिवशी आपल्या कार्यालयाकडे सुपूर्द करू. ठिकाण कोणते ठरवले ते लेखी कळवावे, म्हणजे आम्हाला सदस्यांना वेळेत सांगता येईल.

आपले नम्र,
पक्षिनिरीक्षण मंडळाचे कार्यकर्ते